मागून बसलेली गाडी

१ आक्टोबर, मंगळवार
पानी : साडेचार पेले.

गडचिरोलीच्या दवाखान्यातली चंचल नावाची नर्स म्हनली, "आजी, आजोबा रोज किती पाणी पितात ते वहीत लिहून ठेवा. चार पेल्यांच्या वर जाऊ देऊ नका." मी म्हनलं, चवथीपर्यंत शिकली आहो, लिवता येते. खरं तं तिसरीतूनच बकऱ्या राखाले गेली, पन तिले कायले सांगाचं. वही नात मोनालीची. अर्ध्या वहीत तिचं विज्ञान आहे, उरलेल्या अर्ध्यात आता आजोबाचं पानी. नर्स म्हनली वर पेशंटचं नाव टाका. मी तोंडानं कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाई. हातानं लिवलं, सुकलू. काई झालं नाई, भिंत पडली नाई.

निस्तं पानी लिवून पान भरत नाई, तं बाकीचंही लिवते.

बुढ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार आनि शुक्रवार, मशीनवर चार-चार घंटे रगत धुवा लागते. नाई धुतलं तं पंधरा दिवस, हे डाक्टर आमच्या तोंडावर बोलला. आमचं गाव कुरखेड्याहून बारा किलोमीटर आत, तिथून गडचिरोली दोन घंटे. बसमध्ये बुढ्याले बसवत नाई, हाडं दुखतात. मनून आमची गाडी.

गाडी मंजे चाळीस वर्साची जीप-पिकअप. बुढा आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोत डायवर होता, नोकरीतून सुटला तवा लिलावात घेतली. मंग बांबू आनाले मागचा डाला कापून दीड हात लांब करून घेतला. तवा गावात हीच एक गाडी होती, नवरदेवही आनला हिनं आनि खतही. आता त्याच डाल्यात गादी टाकून बुढा झोपते, पोरगा अंकुश चालवते, मी पायथ्याशी बसते.

आज खड्ड्यात गाडी मागून अशी बसली का लोखंडावर लोखंड आपटलं, धाड. बुढा ओरडला नाई. ओठ चावला, रगत आलं. घरी आल्यावर म्हनला, "गाडी मागून मऊ झाली. असंच राह्यलं तं मी नाई येत."

"मंग काय घरी बसून मरता का?"

"झोपून," म्हनला.

३ आक्टोबर, गुरुवार
पानी : चार.

अंकुशनं चाकात हवा भरून आनली. त्याचं म्हननं, हवा कमी मनून गाडी बसते. त्याले गाडी चालवता येते, पाहता येत नाई. बापाचं एवढंच आलं नाई त्याच्यात.

बांधाकडचा लवकरचा हलका धान कापाले सुरवात केली. माझा इळा चार वर्साचा झाला, सोमाजी लोहारानं केलेला. तसला इळा पंचक्रोशीत नाई. दगडाले लागला तरी दात पडत नाई. सून रंजीतालेही तवाच एक करून देल्ला, अंकुशले कुऱ्हाड, घरात भाजी चिराले पावशी. लोखंड मीच नेऊन देल्लं होतं, गोठ्यात पडून होतं गंजत, दोन डाव पायात गुतून पडली मी त्याच्यानं. इळ्याच्या मुठीपाशी एक गोल भोक आहे. त्यात सुतळी ओवून कुडाच्या खुंटीले टांगते. सोमाजीनं तेवढं डोकं लावलं मनाचं.

४ आक्टोबर, शुक्रवार
पानी : चार.

हवा भरलेली गाडी दुप्पट आपटली. चाक कडक, त्याच्यावरची कमान मऊ. बुढ्यानं डाल्याची कडी धरली होती, ते हात सुटले नाई दवाखान्यात उतरवतानी. एकेक बोट मी उकललं.

ज्या हातातून रगत काढतेत त्या डाव्या हातात नस जोडली आहे. बोट ठेवलं का आत थरथरते. रोज सकाळी मी बोट ठेवून पाहाचं, असं नर्सनं सांगतलं. बुढा विचारते, "इंजन चालू?" मी म्हनते, चालू.

७ आक्टोबर, सोमवार
पानी : पाच. एक पेला चोरून पेला, मटक्याजवळ पकडला.

गाडी कुरखेड्याले गफ्फार मिस्त्रीकडे नेली. गफ्फारचा बाप बुढ्याच्या हाताखाली शिकला, मनून तो बुढ्याले उस्ताद म्हनते, मले काकी. त्यानं गाडीच्या मागच्या टोकावर दोन्ही पाय देऊन उडी मारली आनि उतरून पाहत राह्यला. गाडी चार डाव वर-खाली झाली.

"शाकप मेले, काकी. एक डाव दाबलं तं एकाच डावात थांबली पाहिजे."

"मंग बदल. तोंड काय पाहतं माझं."

"बदलतो. पन शाकप फकत झुलनं थांबवते. वजन झेलते पट्ट्याची कमान. कमानीचं मले काई बरोबर दिसून नाई राह्यलं."

"आंधी हे तं कर. लग्नाच्या आंधी बारसं नको काढू."

हासला. दोन शाकप टाकले.

८ आक्टोबर, मंगळवार
पानी : चार.

झुलनं थांबलं. आपटनं नाई थांबलं. पयले आपटून मंग झुले, आता आपटून गुमान उभी राह्यते. वडशाच्या फाट्यापाशी बुढा म्हनला, "थांबव." अंकुशनं थांबवली. बुढा अर्धा घंटा आभाळ पाहत पडून राह्यला. मी म्हनलं मशीनचा नंबर जाईन. म्हनला, "जाऊ दे." नंबर गेला नाई, पन जाता जाता राह्यला.

११ आक्टोबर, शुक्रवार
पानी : चार.

आला नाई.

गादी टाकली, गाडी दारात लावली, अंकुशनं उचलाले हात घातला तं बुढ्यानं खाटेची पाटी धरली. सत्तर वर्साचा मानूस, पोट्ट्यावानी. मी सगळं बोलली. बापाचं बोलली, आईचं बोलली, आलापल्लीच्या दिवसाचं बोलली. म्हनला, "गाडी सुधरव, येतो."

१२ आक्टोबर, शनिवार
पानी : चार, आनि ओला दुपट्टा.

पाय सुजले. बोट दाबलं का खड्डा राह्यते. दसरा होता. दुपट्टा भिजवून चोखत होता. मी हिसकून घेतला. मंग परत देल्ला, पिळून.

१४ आक्टोबर, सोमवार
पानी : साडेतीन.

गफ्फार सोताच आला, फटफटीवर पाने-जॅक बांधून. अंकुशनं फोन केला होता का बाप येत नाई मनते. बुढ्याची खाट आंगनात आनली, गाडी समोर. गफ्फारनं पयले फूटपट्टीनं चाकापासून डाल्यापर्यंतचं अंतर मोजलं, डाव्या आंगानं आनि उजव्या आंगानं. दोन्हीकडे सारखीच बसली होती. मंग खाली शिरला. त्याचे पाय तेवढे दिसत होते आनि आवाज येत होता.

"उस्ताद! पट्टे पाचच आहेत इथी. दोन्हीकडं पाच-पाच. या गाडीले सात असतेत."

गफ्फारचे पाय आनखी आत सरकले.

"यू बोल्टाच्या आट्या लय वर निघाल्या आहेत. पयले जाड कमान होती, कोनीतरी काढून पातळ केली."

"मी काढले," बुढा म्हनला. "बांबू बंद झाला. रिकामी गाडी लय उसळे. बुढी म्हने कंबर मोडते, बाजारात नाई येत मी या गाडीनं. मनून दोन-दोन काढून ठेवले."

घ्या. माझ्यावर आलं. मी म्हनली असन, मी रोज धा गोष्टी म्हनते, त्यातली हीच बरी ऐकली.

गफ्फार बाहेर निघाला. मले समजवाले त्यानं जमिनीवर खडूनं कमान काढली. लांब पट्टा वर, त्याच्याखाली आखूड, त्याच्याखाली आखूड, सगळ्यांच्या मधात एक-एक भोक, एका बोल्टात ओवलेले. आखूड पट्टे निघाले का ओझं आल्यावर लांब पट्टा सरळ होते, मंग आपटते. वरून डाला दीड हात वाढवलेला, सारं ओझं चाकाच्या मागं लटकते. आनि आमी बुढ्याले झोपवतो कुठी, तं अगदी शेपटीले.

"उस्तादले पुढं झोपवा, डायवरच्या पाठीशी. आनि ते चार पट्टे द्या, एका घंट्यात बसवून देतो. कुठी ठेवले उस्ताद?"

बुढ्यानं माझ्याकडं पाह्यलं. मंग कुडाच्या भिंतीकडं पाह्यलं.

"आठवत नाई."

"आठवा न. चार पट्टे आहेत, चार पैसे नाई."

"फेकले असन," म्हनला.

मी म्हनलं, विष डोक्यात चढून राह्यलं याच्या. ज्या मानसानं वीस वर्सापयलेचा पाना कोन्या डब्यात आहे हे सांगाव, त्याले चार पट्टे आठवत नाई. गफ्फारले म्हनलं, तू जा, मी सोधते. तोपर्यंत त्यानं कमानीच्या वर दोन रबराचे गट्टू बसवून देल्ले. जाता जाता माझ्या बाजूले येऊन म्हनला, "काकी, पट्टे मिळाले पाहिजे हो. गट्टू काई लय दिवस नाई टिकत."

१५ आक्टोबर, मंगळवार
पानी : तीन.

आला. गट्ट्यानं आनि पुढं झोपवल्यानं आपटनं निम्मं झालं. चंचल नर्स रागावली, "एक पाळी चुकवली आजी, पाहा किती पाणी चढलं अंगात." मी म्हनलं, मले नोको सांगू, त्याले सांग. त्याले सांगतलं नाई तिनं. त्याच्याशी गोड बोलली.

परतीले एक गट्टू निघून कुठीतरी पडला. गाडी लंगडत आली.

१७ आक्टोबर, गुरुवार
पानी : साडेतीन.

पट्टे सोधले. गोठा उपसला, शेन काढलं, गव्हान हालवली. तनसाच्या ढिगात काडी घातली. इहिरीपासच्या काटेरीत शिरली, हात फाटले. दोन तुटके फाळ निघाले, एक घागरीचं बूड, अंकुशची हरवलेली लहानपनची चाकगाडी. पट्टे नाई. बुढा खाटेवरून पाहत होता.

"सोड न," म्हनला. "बस थोडी."

"तुमी गुमान राहा. आठवलं असतं तं मले शेनात हात घालाची पाळी नसती. भुलक्कड."

दुपारून धान कापला. दिवसभर कापून इळ्याले घासाव नाई लागला.

१८ आक्टोबर, शुक्रवार
पानी : साडेतीन.

गेलो. दुसराही गट्टू पडला. पोरला गावाच्या अलीकडे बुढा रडला. पन्नास वर्सात पाह्यलं नाई होतं. आवाज नाई, निस्तं पानी. ते वहीत धराचं का, नर्सले विचारलं नाई.

२० आक्टोबर, रविवार
पानी : चार.

दिवस कलतानी वावरातून आली. इळा टांगाले गेली तं सुतळी तुटली. नवी सुतळी ओवाले भोकात बोट घातलं.

बोट तसंच ठेवून उभी राह्यली. रंजीता म्हनली, "आई, काय झालं?" मी म्हनलं, तुझा इळा आन. आनला. त्याच्याही मुठीपाशी भोक. मंग कुऱ्हाड पाह्यली. कुऱ्हाडीत भोक नाई, पन तेच लोखंड, तोच काळा रंग.

तशीच सोमाजीकडे गेली. भात्यावर होता.

"सोमाजी, चार वर्सांपयले मी लोखंड देल्लं होतं तुले."

"हाव. कमानीचे पट्टे. भल्लं पोलाद होतं बाई."

"कमानीचे होते हे तुले मालूम होतं?"

"लोहार आहो मी, मिठाईवाला नाई."

"मंग बोलला काऊन नाई?"

"काय बोलाचं? सप्पा गाव कमानीच्याच पट्ट्याचे इळे करते. त्याच्याइतकं लोखंड कुठी भेटते? मले वाटलं बुढ्यानंच धाडले."

मी दोन्ही इळे आनि पावशी त्याच्या पुढ्यात टाकली. म्हनलं, परत पट्टे कर. तो हासला. मंग माझं तोंड पाहून थांबला.

"एकडाव पातळ ठोकलं, धार काढली, पानी देल्लं, ते आता ओझं नाई झेलत सोनीबाई. आनि अर्धं लोखंड तं भट्टीतच झडलं."

इळे उचलून घरी आली.

२१ आक्टोबर, सोमवार
पानी : चार.

सकाळी हातावर बोट ठेवलं, इंजन चालू. तसंच बोट ठेवून विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"काय?"

"पट्ट्याचं."

"हाव."

"कवापासून?"

"सोमाजीच्या दारातून जात होतो. भट्टीत लाल झाला होता. ओळखला."

"आनि बोलले नाई!"

"तवर इळ्यावानी नाक वाकडं झालं होतं त्याचं."

"मले नाई तं गफ्फारले सांगाचं. आठ दिवस मी शेन उपसलं, तुमाले भुलक्कड म्हनत राह्यली."

"ते तं तू आंधीपासूनच म्हनते." मंग म्हनला, "सांगतलं असतं तं तू इळा फेकून देल्ला असता. धान उभा आहे अजून."

मी म्हनलं, बह्याड आहे तुमी. उठून चुलीकडे गेली. काम होतं.

२२ आक्टोबर, मंगळवार
पानी : तीन.

आला नाई. या डाव मी बोलली नाई, तो बोलला नाई. अंकुश गाडीच्या चाकाले लात मारून वावरात गेला.

गफ्फारले फोनवर खरं सांगतलं. लपवून काय करू. म्हनला, "काकी, माझ्या घरी पन चाकू कमानीच्या पट्ट्याचाच आहे." मूल गावाले भंगारवाला आहे त्याच्या ओळखीचा, तिथी पाहतो म्हनला.

२५ आक्टोबर, शुक्रवार
पानी : तीन. मागत नाई आता जास्त.

आला नाई. दोन पाळ्या चुकल्या. श्वास लागते, उशाले दोन पोते देल्ले. या गाडीचे पट्टे मूल गावाले भेटले नाई. गफ्फार नागपूरले मानूस धाडतो म्हनला.

२७ आक्टोबर, रविवार
पानी : तीन.

गफ्फार पट्टे घेऊन आला. दुसऱ्या कोन्या गाडीचे, जाड. कापून, मधात भोक पाडून, दिवसभर खपून बसवले. जेवला नाई, चहाही थंड केला. जॅक काढला तं गाडी मागून हातभर वर उभी राह्यली. बुढ्यानं खाटेवरून पाह्यलं आनि मान हालवली. लय दिवसानं.

अंकुशनं गावाले एक चक्कर मारला. परत आला तं म्हनला, आपटत नाई, पन रिकामी गाडी उसळून राह्यली, गादीवरचा मानूस फेकून देईन.

"कडक झाली," गफ्फार म्हनला. "वजन टाका मागं. सहा पोते. दाबली का मऊ चालन."

पोते मंजे धानच. नवं धान, अजून पेनाले, आमच्या देवाले, दाखवलं नाई. दाखवल्याबगर आमच्यात घरचं कोनी दाना तोंडात टाकत नाई. गाडीत टाकाले चालते का, कोनाले विचारू? खात तं नाई कोनी, मी म्हनलं, झोपते फकत त्याच्या बाजूले. भरा.

सकाळी हातावर बोट ठेवलं होतं, थरथर लागली नाई. बुढा हातावरच झोपला होता, मुंग्या आल्या असन.

२९ आक्टोबर, मंगळवार
पानी : दोन.

सहा पोते मागं, बुढा पुढं, मी मधात. अशी गाडी चालली का काय सांगू. त्याच खड्ड्यातून गेली, वडशाचा फाटा गेला, पोरला गेलं. खाली गेली आनि हळूच वर आली, पाळन्यावानी. आपटली नाई, उसळली नाई. नव्या धानाचा वास येत होता. बुढा झोपून गेला. या रस्त्यावर पयल्यांदा झोपला. अंकुशनं मागं वळून पाह्यलं, मी बोट दाखवलं का पुढं पाहा.

दवाखान्यात चंचलनं हातावर बोट ठेवलं. मंग कान लावला. मंग डाक्टरले बोलावलं.

नस बंद पडली. कवा पडली, विचारलं. मी सांगतलं नाई.

डाक्टरनं मानेतून नळी टाकून एक डाव धुतलं. म्हनला, हे तात्पुरतं आहे, नवीन नस जोडाले नागपूरले न्या, तिथी भरती करा, आनि हमी नाई. पाळ्या चुकल्या, पानी छातीत गेलं, मानूस कमजोर.

परतीले बुढा जागा होता.

"गाडी चांगली झाली," म्हनला.

"मंग? नागपूरले याच गाडीनं नेतो."

"नाई."

"आता तं आपटत नाई!"

"आपटत नाई," म्हनला. "तरी नाई. गाडी सुधरव म्हनलं, सुधरवली. माझं बोलनं खोटं नाई झालं, मी आलो. आता बस."

अंकुशनं गाडी थांबवली, उतरला, झाडामागं गेला. लघवीले गेला म्हनते. दहा मिंट लागत नाई लघवीले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
पानी : दोन.

दारात गाडी उभी होती, पोत्यासकट. गादी टाकली नाई कोनी.

मोनाली कालेजातून आली आहे दिवाळीले. तिनं वही पाह्यली. "आजी, हे पाण्याचं आहे का गाडीचं?" मी म्हनलं, तुझं विज्ञान आहे. वही ठेव.

३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी नवं धान पेनाले दाखवलं. भात केला. बुढ्यानं दोन शितं खाल्ली, पुरे म्हनला.

उशिराचा भारी धान पिकून आडवा व्हाले आला आहे. कापाच लागन. इळा काढला खुंटीवरून. पयले वाटलं सोमाजीच्या भट्टीत टाकून येऊ, नाई तं इहिरीत. मंग वाटलं, कशानं कापू मंग. डावीकडचा वाफा कापला, घरापासचा, खाटेवरून दिसते तो. दगडाले लागला एक डाव. दात पडला नाई.

बुढ्यानं हाक मारली. पानी म्हनला. मी नर्सचा पेला घेतला, रेघ मारलेला. परत ठेवला. मटक्यातून लोटा भरून नेला, मान धरली, तो पेला. पुरता पेला, नरडं वाजवत, ढोरावानी. लोटा रिकामा केला. म्हनला, "आनखी."

आनखी देल्लं.

पानी : मोजलं नाई.